यादी वाचा

नोटरी हार्टविग कंपनीच्या विक्रीचा करार वाचत होते, पोथी उरकावी तशा घाईने. अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचायचं, हा कायदा, म्हणून वाचायचं. ऐकत कुणी नव्हतं. खरेदीदारांचे दोन वकील कॉफीत बिस्किटं बुडवत होते. फोल्कमार टाइसेन टेबलाखाली फोन चाळत होता.

गेझिना मात्र ऐकत होती.

अठरा वर्षांपूर्वी तिने आणि फोल्कमारने बर्लिनमधल्या एका सायकलच्या दुकानामागच्या खोलीत ती वेबसाइट सुरू केली होती. गेलेल्या माणसाच्या नावाचं एक पान, त्यावर घरच्यांच्या आठवणी आणि एक मेणबत्ती. ‘ही विझणार नाही’, हे वाक्य गेझिनाने स्वतः लिहिलेलं. पुढे फोल्कमारने आणखी तीन कंपन्या काढल्या, विकल्या. आता तो इतरांच्या कंपन्यांत पैसे घालतो, मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकतो. गेझिना पानांपाशीच राहिली. विक्रीला ती एकाच अटीवर हो म्हणाली होती : जुनी, विनामूल्य पानं राहतील. फोल्कमारने तसा शब्द दिला होता.

“...तीस दिवसांच्या आत सर्व विनामूल्य पाने कायमची काढून टाकण्यात येतील...”

“थांबा,” ती म्हणाली.

एका वकिलाचं बिस्किट कपात पडलं.

“अगं, नोटरीला मधेच थांबवणारी तू पहिलीच!” फोल्कमार हसला.

“तू शब्द दिला होतास.”

“दिला होता गं. त्यांना नाही पटलं. सर्व्हर काय फुकट चालतात?”

“मग मी सही करत नाही.”

“हार्टविगसाहेब, ते जुनं कलम सांगा हिला.”

हार्टविगनी मान खाली घातली. “मोठा हिस्सा असलेल्याने विकायचं ठरवलं की तुम्हालाही विकावंच लागतं, बाई. सहा वर्षांपूर्वी याच खोलीत वाचलं होतं मी. तुम्ही हजर होतात.”

हजर होती. आईला जाऊन चार दिवस झाले होते. वाचन सुरू झालं आणि डोळे मिटायला लागले, तेव्हा फोल्कमारनेच खांदा पुढे केला होता. “झोप तू. मी ऐकतोय ना.” त्या खांद्याचे उपकार ती सहा वर्षं मनोमन मानत आली होती.

“करते सही,” ती हळूच म्हणाली. “शेवटी पानांची यादी जोडलीये ना?”

“चार हजार एकशे सोळा नावं,” हार्टविग म्हणाले. “पण याद्या कुणी वाचायला लावत नाही. सगळे वाचन माफ करतात.”

“मी नाही करत.”

“गेझिना, वेड लागलंय का तुला? सहाचं विमान आहे माझं!”

“एकाने जरी माफ केलं नाही, तरी वाचावीच लागते,” हार्टविग चष्मा पुसत म्हणाले. “आणि सह्या होईपर्यंत कुणाला उठता येत नाही.”

“तुझ्या बाबांचं पानही आहे त्यात,” गेझिना फोल्कमारला म्हणाली. “मीच केलेलं. तुमचं आडनाव यायला बराच वेळ आहे. झोप आली तर झोप. मी ऐकतेय ना.”

“आबेल, मार्था,” हार्टविग वाचू लागले, आता सावकाश. “आडम, यॉर्ग. आल्बर्स, हेडविग...”

फोल्कमारने फोन उचलला आणि विमान चुकणार, असं कुणाला तरी कळवायला घेतलं.