रडायचा हक्क

सहा वर्षं आजींना सांभाळणाऱ्या बाईंना, आजी गेल्या त्या दिवशी घरात कुठे उभं राहावं तेच कळेना. दर दोन तासांनी आजींना कुशीवर वळवायची हातांना सवय होती. दहा वाजले तशा त्या खोलीकडे निघाल्या आणि रिकामा पलंग पाहून माघारी फिरल्या.

बैठकीत परगावाहून आलेली लेक हुंदके देत होती. तिच्याभोवती बायकांचा गराडा पडला होता. बाईंचेही डोळे भरून आले, तेवढ्यात सूनबाई कानाशी पुटपुटल्या, "तुम्हीच अशा रडत बसलात तर लोकांना पाणी कोण देणार?"

बाई स्वयंपाकघरात गेल्या. धुतलेले पेले त्यांनी पुन्हा धुतले, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. जीव थाऱ्यावर येईना.

पाण्याचा ट्रे घेऊन त्या बाहेर आल्या, तेव्हा आजींचे म्हातारे भाऊ लेकीला विचारत होते, "शेवटी काही बोलली का गं ती?"

लेकीने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने नवऱ्याकडे. मग सगळ्यांनी बाईंकडे.

"बोलल्या ना," बाई म्हणाल्या. "'तुझा हात गार आहे, पण असू दे,' म्हणाल्या. मग सोडलाच नाही..."

आजींच्या भावाने उठून ट्रे काढून घेतला. "बस पोरी, माझ्याजवळ बस."

बाई बसल्या आणि मोठ्याने रडल्या. लेकीला ते रुचलं नाही, हे त्यांना दिसत होतं. तरी त्या थांबल्या नाहीत.