सोनूच्या लग्नातली गर्दी

आधीच सांगून ठेवतो, मी भांडखोर माणूस आहो. मुकुटबनच्या बाजारात कोणालेही विचारा. जफरच्या दुकानात मोबाईलची काच बदलाले गेलेला माणूस शिव्या खाऊनच वापस येते. अरे, बाहेर बोर्डावर काय लिहिलं आहे? टीव्ही, टेप, व्हीसीआर. मोबाईल लिहिलं आहे का कुठी? मंग कायले डोकं खाता? पण झरी जामणी तालुक्यात चालू हालतीतला व्हीसीआर आता एकच उरला, अन् तो माह्या टेबलावर आहे. म्हणून ज्याले आपल्या लग्नाची जुनी कॅसेट पेनड्राईव्हमध्ये पायजे, त्याले माह्याकडं यावंच लागते अन् माहं ऐकूनही घ्यावं लागते.

तर फेब्रुवारीत खापरडोहच्या बापूजीचा नातू अंकुर आला. बापूजी म्हणजे आधी सरपंच, मंग जिल्हा परिषद, आता कायचेच नाही, पण गावातल्या दर फ्लेक्सवर फोटो त्यायचाच सगळ्यात मोठा. पोट्ट्यानं टेबलावर कॅसेट ठेवली. वरचं अक्षर माहंच होतं. सोनूचं लग्न, मे १९९४.

“चाचा, आजोबाले पंचाहत्तर पूर्ण होऊन राह्यले. अमृतमहोत्सव आहे. आत्याच्या लग्नाची कॅसेट मोठ्या पडद्यावर लावाची आहे. वीस फुटाचा एलईडी येऊन राह्यला नागपूरहून.”

माह्या हातातली सोल्डरिंगची गन खाली पडली. पोट्टा हासला. त्याले काय माहीत, त्या कॅसेटमध्ये मी काय करून ठेवलं ते.

आता ते सांगतो. चौऱ्याण्णव साली बापूजी ग्रामपंचायतीले देवीलालकडून अकरा मतानं पडले. महिनाभरात सोनूचं लग्न होतं. देवीलाल खुन्नसवाला माणूस. त्यानं बरोब्बर त्याच दिवशी, त्याच वेळेले विजयाचं जेवण ठेवलं. बापूजीकडं बुंदी अन् वांग्याची भाजी, देवीलालकडं चार बोकड. गाव कुठी गेलं असन, सांगाची गरज आहे का? मी खांद्यावर कॅमेरा घेऊन मंडपात उभा. टेंटवाल्याच्या पाचशे खुर्च्या, अन् माणसं म्हणाल तर घरचे सोडून वराकडचे बत्तीस, एक भटजी, एक न्हावी. अक्षता टाकाले हात पुरेनात. वाऱ्यानं रस्श्याचा वास येऊन राह्यला होता, अन् भटजीचंही ध्यान तिकडंच होतं. अंतरपाट सरला तर नवरीनं नवरदेवाकडं पाहाचं सोडून मान वळवून भलतीकडंच पायलं. शॉट बिघडला म्हणून तेवढे चार सेकंद मी मंग कापून टाकले.

आठ दिवसानं भागीरथावहिनी, बापूजीची बायको, दुकानात आली. पदर तोंडाले लावून उभी राह्यली.

“जफरभाऊ, माह्या पोरीची कॅसेट रिकामी नोका देजा. उद्या तिले लेकरं होतील. ते विचारतील, आई, तुह्या लग्नात कोणीच काहून नाही आलं? काय सांगन ते?”

“वहिनी, माणसं आलेच नाही तर मी कुठून आणू?”

“तुमाले सगळं जमते. अन् हे कोणाले कळलं नाही पायजे. सोनूच्या बाबालेही नाही. मले वचन द्या.”

बाई रडाले लागली की माही भांडखोरी संपते. दिलं वचन.

आता त्या टायमाची रीत ऐका. लग्नाच्या कॅसेटमध्ये कारंजे टाकाचे, विमान उडवाचं, काश्मीरचा बर्फ टाकाचा. नवरी झरीची अन् बर्फ काश्मीरचा, पण कोणी विचारत नव्हतं. उलट बर्फ नसला तर लोक पैसे कापत. तर मी म्हणलं, बर्फ चालते तर गर्दी काहून नाही चालत?

अन् गर्दी माह्याजवळ होती. नागपूरहून जुना व्हीसीआर आणला तवा त्याच्यासंगं एक इंग्रजी कॅसेट फुकटात आलती. चार झिपऱ्यावाल्या गोऱ्यायचा बँड. मोठ्या मैदानावर त्यायचा कार्यक्रम, अन् समोर नजर पोचत नाही इथपर्यंत माणसं. माहा पोरगा आसिम म्हणते, अब्बा, ह्याले क्लासिक रॉक म्हणतात. मले क्लासिक-बिसिक समजत नाही. पण कोणताही व्हीसीआर दुरुस्त झाला की तपासाले मी तीच लावतो, तीस वर्सं झाले. त्यातला ढोलवाला एक नंबर आहे. बनियनवर बसते अन् असा कुटते की माह्या टेबलावरचे स्क्रू नाचतात.

ती गर्दी मी सोनूच्या मंगलाष्टकानंतर जोडली. तिकडचा आवाज काढला, वर सनई टाकली, कडेनं बदामाची चौकट, वरून फुलं पाडली. चौदा इंचाच्या टीव्हीवर, पडद्यावरच्या त्या मुंग्यामुंग्यात, गोरं काय अन् काळं काय, नुसते हात हालतांना दिसत. तीन मिनिटात पाचशे खुर्च्या भरल्या, बाप्पा.

मले वाटलं, वहिनी अन् सोनू पायतील, विषय संपला. पण बापूजीनं पायली! दोनदा पायली. मंग म्हणे, “मी विधीत गुंतलो होतो, मले दिसलंच नाही. गर्दी मांगच्या अंगाले होती.” तवापासून भाषणात सुरू. माह्या पोरीच्या लग्नाले दहा हजार माणूस होता! पुढच्या निवडणुकीत ते निवडून आले, अन् मंग तर कमालच झाली. ज्याले ज्याले काम, तो म्हणे, बापूजी, मी होतो ना त्या लग्नात. कोणी म्हणे मी वाढलं, कोणी म्हणे मी उष्टे काढले. सोनूचा सासरा मरेपर्यंत सांगत होता, पत्रावळी पुरल्या नाही म्हणून. अन् देवीलाल? तो बापूजीच्या पक्षात आला अन् म्हणे, त्या दिवशी मी स्वतः पाणी वाटलं. लेकाचा! त्या दिवशी त्याच्या हातात कलेजीची वाटी होती, कॅमेरा घेऊन वापस जातांना मी डोळ्यानं पायली.

तर असं हे लग्न, अन् आता ते वीस फुटावर दिसणार. दुसऱ्याच दिवशी भागीरथावहिनी काठी टेकत दुकानात.

“जफरभाऊ, हे थांबवा. सोनू येणार आहे, जावई येणार आहे, तिचे लेकरं येणार आहे. साऱ्या दुनियेसमोर माह्या पोरीचं हासं होईन.”

खरं सांगतो, बापूजीची मले चिंता नव्हती. तो माणूस गेलेली इज्जत संध्याकाळपर्यंत वापस आणते. पण सोनू? एकावन्न वर्साची बाई. जलमभर समजून बसली की आपल्या लग्नात मैदान भरलं होतं. तिले आता तिच्या लेकरायसमोर कळणार की कोणी आलंच नव्हतं, अन् आलं म्हणून दाखवलं ते जफरनं टाकलेले गोरे होते.

मी अंकुरले म्हणलं, कॅसेटले बुरशी लागली, चालत नाही. तर पोट्टा म्हणते, “मंग नागपूरले पाठवतो, तिथं एक जण करून देते.”

इथं माहा स्वभाव नडला. “नागपूरवाला? माह्या कॅसेटले हात लावते? आण इकडं!” अन् घेतली ना कराले. हजराबी, माही बायको, आतून सगळं ऐकत होती. म्हणे, “अजी, सारी दुनिया पे चिल्लाते, एक बार सच बात भी चिल्ला देते!” पण वहिनीले वचन दिलं होतं ना.

मी ठरवलं, गर्दीचे तीन मिनिटं कापून टाकाचे. तर बापूजीचा फोन. “जफर, गर्दीचा भाग दोनदा लावजो. लोकायले तेच पाहाचं आहे.” संपलं. मंग मी अल्लाचं नाव घेतलं, पेनड्राईव्ह अंकुरच्या हातात दिला अन् मुंग्यायच्या भरवशावर राह्यलो. एवढं धुरकट आहे, चालून जाईन.

कार्यक्रमाचा दिवस आला. संध्याकाळी सहाले खापरडोहच्या शाळेचं मैदान खच्चून भरलं. ह्या टायमाले जेवण बापूजीकडंच होतं, म्हणून. समोरच्या सोफ्यावर भागीरथावहिनी, बाजूले सोनू, जावई, तिचा पोरगा अन् पोरगी. मी साउंडवाल्याजवळ उभा. अंकुर कानाशी आला.

“चाचा, एक सरप्राईज आहे. मी रातभर बसून कॉम्प्युटरवर कॅसेट साफ केली. एक मुंगी ठेवली नाही.”

पोट्ट्याच्या कानाखाली वाजवाची इच्छा झाली, पण तवापर्यंत पडदा चालू झाला होता.

मंगलाष्टक झालं. बदामाची चौकट आली. फुलं पडाले लागले. अन् गर्दी आली. बापरे! वीस फुटावर, काचेसारखी साफ. खांद्यापर्यंत केस असलेले गोरेपान गडी, अर्धे उघडे. एकाच्या खांद्यावर बसलेली पोरगी, लाल टोपी, दोन्ही हात वर. मांगं कोणीतरी परदेशी झेंडा फडकवून राह्यला. अन् वर माही सनई.

मी डोळे मिटून घेतले.

“इतके गोरे काहून दिसून राह्यले?” बायकायच्या बाजूनं इंदूबाई बोलली. गावातली जुनी अंगणवाडीवाली, तोंडाची फटकळ.

मले वाटलं, झालं आता. तर स्टेजवरून देवीलाल उठला. “जुन्या कॅमेऱ्याचा लाईट मारते असा! आपण सगळेच गोरे आलो. तो पाय, निळ्या बनियनवाला! तो मीच!”

“तवा तुमचे केस एवढे होते?” इंदूबाईनं विचारलं.

“नवस होता!”

एकदा देवीलाल सापडला म्हटल्यावर बाकीचे कसे मांगं राहतील? माजी पोलीस पाटील म्हणे, तो चष्मेवाला मी. दूध डेरीचे देवसिंग म्हणे, झेंडा माह्या हातात आहे. त्यायले तर तो झेंडा कोणता होता हेही आठवलं. दहा मिनिटात साऱ्या गोऱ्यायची वाटणी झाली. दोन म्हातारे एकाच दाढीवाल्यावरून भांडाले लागले. इंदूबाईनं माह्याकडं पाहून आवाज दिला, “काहो जफरभाऊ, लाईट जास्त मारला होता का?”

साऱ्या मैदानानं वळून मले पायलं. सोनूनंही.

मी म्हणलं, “हो. हजार वॅटचा हॅलोजन होता.”

टाळ्या! बापूजीच्या डोळ्यात पाणी. मले स्टेजवर बोलावून शाल अन् नारळ देल्लं. म्हणे, “ह्या माणसानं इतिहास जपून ठेवला.” मी नारळ घेऊन उतरलो. जलमात पहिल्यांदा मले शिव्या सुचल्या नाही. जेवलोही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर पायरीवर सोनू. एकटीच.

“चाचा, एक विचाराचं होतं. ते लोक खरे कोणत्या गाण्यावर नाचून राह्यले होते?”

“कोणते लोक, बाई?”

“हॅलोजनवाले.” हासली ती. “चाचा, अंतरपाट सरला तवा मी वळून पायलं होतं. खुर्च्याच खुर्च्या होत्या.”

ते चार सेकंद! शॉट बिघडला म्हणून मीच कापले होते. कसा बह्याड माणूस आहो मी! जी पोरगी त्या मंडपाच्या मधोमध उभी होती, तिच्यापासूनच मी तीस वर्सं ते लग्न लपवत राह्यलो.

“आईले सांगू नोका मले माहीत आहे म्हणून,” ती म्हणे. “तिनं तुमच्याजवळ किती रडून मांगलं असन. मोडन ते बिचारी.”

“मंग तू कधी बोलली काहून नाही?”

“कायले बोलू? सासरी दुपारी सगळे वावरात गेले की मी एकटी माह्याजवळची कॅसेट लावत होती. ती लाल टोपीवाली पोरगी तर मले मुंग्यातही दिसत होती, पाठ आहे. फक्त आवाज कधी ऐकला नाही. सनईवर कोणी असं नाचते का, चाचा?”

मी कपाट उघडलं. मांगून तपासाची कॅसेट काढली, व्हीसीआरमध्ये टाकली अन् आवाज पूर्ण वाढवला. ढोलवाल्यानं कुटणं सुरू केलं, टेबलावरचे स्क्रू नाचाले लागले. बाजूचा मोबाईलवाला बोंबलत आला, त्याले मी अशी शिवी हासडली की तो दारातूनच वापस गेला. हजराबी चहा घेऊन आली अन् कप हातात धरून तिथंच उभी राह्यली.

सोनू स्टुलावर बसून पायत होती. गर्दी आली. झेंडा आला. लाल टोपीवाली खांद्यावर चढली, हात वर केले, अन् पहिल्यांदा तिचं वरडणं आयकू आलं. सोनूनं पदरानं डोळे पुसले.

“ते तरी आलते, चाचा,” ती म्हणे.