हरकतकाकांची पहिली सूचना

गल्लीच्या टोकाला असलेल्या मोकळ्या प्लॉटवर नगररचना विभागाची पाटी लागली आणि हरकतकाकांना हुरूप आला. या जागेवर आजवर एकाच बंगल्याला परवानगी होती. आता झोन बदलून चार छोट्या घरांसाठी तिचे चार भाग करायचे आहेत, तरी हरकती व सूचना कळवाव्यात, असं पाटीवर लिहिलं होतं. काकांनी जन्मात कधी सूचना केली नव्हती. हरकत मात्र दिव्याच्या खांबापासून टपालपेटीपर्यंत सगळ्यांवर घेतली होती. नाव काही उगाच पडलं नव्हतं!

"चार घरं म्हणजे नुसती गर्दी!" काका अर्ज लिहिता लिहिता गरजले. "गाड्या कुठे लावायच्या माणसांनी?"

काकू मटार सोलत होत्या. "पण राहायला येणार कोण?"

"हॉस्पिटलातल्या चार नर्स. एकत्र येऊन घेतलाय प्लॉट."

"म्हणजे ती आपली सिस्टर? रात्रपाळी करून दोन बस बदलत घरी जाते ती?"

"तीच. माणूस म्हणून चांगली आहे हो, पण आपल्या गल्लीत नको."

"वा! हॉस्पिटल हवं हाकेच्या अंतरावर आणि नर्स हवी दोन बस लांब. अहो, परवानगी नाही मिळाली तर एवढा मोठा बंगला त्या कशाच्या जोरावर बांधणार? प्लॉट विकावाच लागेल त्यांना."

काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि अर्जाखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन पाहणी करावी!' याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

कारण अधिकारी खरंच आल्या. मोजायची टेप घेऊन, सकाळी सकाळी. सिस्टरही ड्यूटी संपवून तशीच आली होती. काका काकूंना आणि शेजाऱ्यांना गोळा करून पुढे झाले.

मॅडमनी प्लॉटकडे नजर टाकली. "मोजायचं कसं? आधी ज्याचं जे असेल त्यानं ते उचला बघू."

मग काय विचारता! डॉक्टरांनी मान खाली घालून आपली मोटार मागे घेतली. शिंप्याने मोडका सोफा ओढला. कुणाच्या कुंड्या निघाल्या, कुणाच्या विटा. प्लॉटच्या तोंडाशी एक निळी गाडी उभी होती, ती काकांची. त्यांच्या स्वतःच्या गॅरेजात रद्दी आणि तुटक्या खुर्च्या होत्या ना!

"रस्ता पुरेसा रुंद आहे," मॅडम टेप गुंडाळत म्हणाल्या. "पाणी, ड्रेनेज सगळं पुरतंय. चारही घरांना आपापल्या आवारात पार्किंग आहे. प्रश्न एकच. आगीचा बंब वळायला जागा हवी, आणि ती तुमच्या गाड्यांनी अडवली होती. आता बोला काका, गर्दीची हरकत तुमचीच ना?"

काकांनी तोंड उघडलं. तेवढ्यात सिस्टरने पाटीच्या खांबाला बांधलेल्या दोरीवरून एक पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा काढला, नीट घडी घातली आणि त्यांच्या हातात दिला. "काका, हा तुमचाच ना? वाळलाय."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून तर काकांना जास्त लागलं. डोळे जागरणाने लाल झालेली ही मुलगी स्वतःच्याच जागेवर परक्यासारखी उभी होती, आणि आपण? आपण इतकी वर्षं तिथे फुकट पाय पसरून बसलो होतो! काकांना मनापासून लाज वाटली.

"मॅडम, माझी हरकत रद्द!" ते एकदम ओरडले. "त्याऐवजी सूचना लिहून घ्या. बंब वळतो तिथे कुणीही गाडी लावू नये. सुरुवात माझ्यापासून!"

"अगंबाई, सूचना!" काकू म्हणाल्या, आणि सगळी गल्ली हसली. सिस्टरसुद्धा.

संध्याकाळपर्यंत काकांचं गॅरेज रिकामं झालं आणि निळी गाडी पहिल्यांदाच आपल्या घरी झोपली. पुढे परवानगी आली, घरं उभी राहिली. आता सिस्टर रात्रपाळी संपवून चालत घरी येते, आणि अंगणात पायजमा वाळत घालणारे काका हटकतात, "आधी झोप काढ पोरी, गप्पा नंतर."

मंडळी, शेजारी काय बांधलं जातंय यावर हरकत घ्यायचा हक्क आपल्याला जरूर आहे. पण अर्जावर सही करण्याआधी एकदा बघून घ्यावं, आपली दोरी कुणाच्या खांबाला बांधली आहे ते!