डावा हात पाठीमागं

कुरुळीत मला अजून ‘नवऱ्याला बांधणारी शालन’ म्हणत्यात. म्हणू द्या. लोकांच्या तोंडाला काय झाकण असतंय व्हय?

पिंपरीला औषधाचा कारखाना नवानवा सुरू झाला, त्या वक्ताची गोष्ट. आमचं मालक, कोंडाजी, दिवाळीनंतर मोट हाकता हाकता विहिरीवरच कोसळलं. लकवा. हळूहळू जीभ सुटली, पाय सावरला, पन उजवा हात पार लुळा. अन् आमच्या एकुलत्या छबूचं लगीन वैशाखात ठरल्यालं.

आता डाव्या हातानं कुनी जेवतं का? मंग मी भरवायची. मी रानात गेले की जाऊबाई गोजा भरवायची. तंबाखू मळून द्यायला दीर मारुतराव. बाकी समदं डाव्या हातावर. लोक म्हनायचे, कोंडाजी नशिबाचा, घरानं तळहातावर झेललंय. मलाबी तोरा चढायचा.

एक दिवस ह्यांनी मारुतरावास्नी हाक मारली. “छबूचं कन्यादान तू कर. ह्या मेल्या हातावर मी पानी काय झेलनार?” अन् भिताडाकडं तोंड केलं. बाप जिता असून चुलत्यानं लेक द्यायची? छबू चुलीपाशी मुसमुसली. माझं काळीजच तुटलं.

दुसऱ्या दिवशी हे विहिरीपाशी बाजंवर बसल्यालं. मारुतराव मोट हाकत हुते. बैल बुजला, कासरा उडून ह्यांच्या अंगावर आला, अन् तो लुळा हात त्याच्याकडं झेपावला! धरता आला न्हाई. बोटं नुसती वळली. पन वळली की!

मी तडक पिंपरीच्या डॉक्टरांकडं गेले. ते म्हनाले, “बाई, हात धड आहे. डोक्यातून हाताला जाणारा हुकूम अडलाय. बांधावरची पायवाट बुजते ना, तसं झालंय. हात वापरला तर शेजारून नवी वाट पडेल. तुम्ही सगळेच त्याचं काम करताय, मग मेंदू वाट शोधेल कशाला?”

आत्ता गं बया! मायेनं आमीच तो हात मारत हुतो.

घरी आले, उपरणं घेतलं, ह्यांचा डावा हात पाठीमागं बांधला अन् पुढ्यात दूध-भाकरीचा काला ठेवला.

“शाले, मस्ती आली का?”

“आली. जेवा.”

पयला घास मांडीवर, दुसरा कानाला. ताट भिरकवायलासुदिक उजवाच हात लागनार, म्हनून ताट वाचलं. गोजा वरडली, “अगं कैदाशिनी, उपाशी मारतीस का त्यास्नी?” मी दाराआड जाऊन पदर तोंडात कोंबून रडायची, पन भरवलं न्हाई. हे माझ्याशी बोलायचं बंद झालं. शिव्या तेवढ्या चालू हुत्या, त्या भिताडाला.

हात रोज चुकायचा. पन कालच्यापरीस जरा कमी चुकायचा. माघात घास हनुवटीला लागला. शिमग्याला पुरनपोळीचा तुकडा तोंडात गेला. गोजाच्या डोळ्याला धार लागली. हे मातर भिताडाकडं तोंड करून जेवायचे. कन्यादानाचं कुनी इचारलं तर मारुतरावाकडं बोट दाखवायचे. तेबी उजव्या हाताचं!

लगनादिवशी भटजींनी इचारलं, “कन्यादानाला कोण बसणार?”

मारुतराव उठले.

“बस खाली,” हे म्हनाले, अन् पाय वढत येऊन पाटावर बसले. मी शेजारी. ह्यांचा उजवा हात कसाबसा उचलत हुता. भटजी म्हनाले, “कोंडाजी, खालनं डाव्याचा आधार द्या.”

ह्यांनी डावा हात आपणहून पाठीमागं घेतला. उजवा पुढं केला. तळवा वळला, बोटं जुळली, बेताचं पानी राहील येवढा खळगा झाला.

पानी मी घालायचं हुतं. कलश उचलला, तर माझाच हात लटलटा कापाया लागला. पानी कलशातनं पाटावरच सांडाया लागलं.

हे माझ्याकडं वळले. किती महिन्यांनी वळले.

“शाले,” हळूच म्हनाले, “तुझाबी डावा बांधू का?”