दोन दुर्बिणी

दुकानदार म्हणाला, "बाई, पहिल्यांदाच घेताय ना? मग टेलिस्कोप नको. दोन डोळ्यांची दुर्बीण घ्या."

"का नको, ते सांगा. घ्यायचं काय ते मी ठरवीन," मी म्हटलं. तीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय मी. माप घेण्याआधी कापड कापणारा माणूस मला खपत नाही.

पण तो बिचारा सरळ होता. टेलिस्कोप स्टँडवर चढवून त्याने मला समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दाखवली. टाकी चक्क उलटी! शिवाय एक डोळा मिटा, मान वाकडी करा, आणि जरा धक्का लागला की टाकी गायब. "नवशिक्याला आकाशात नेमकी जागा सापडेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो," तो म्हणाला. "मग टेलिस्कोप खोक्यात जातो, तो कायमचा." दुसरी दुर्बीण डोळ्यांना लावली तर टाकी सुलटी, आणि तिच्यावर बसलेला कावळासुद्धा दिसला.

तरी माझं मन टेलिस्कोपपाशीच घुटमळत होतं. लेक दहा वर्षांची असताना तिने तोच मागितला होता. "आधी गणितात पास हो," मी खेकसले होते. झाली पास. इतकी झाली की नोकरीला थेट समुद्रापलीकडे गेली. सहा वर्षं झाली. पहिल्या वर्षी म्हणायची, "आई, ये ना इकडे." मी म्हणायचे, "गिऱ्हाइकं कोण बघणार, तुझा मामा?" मग तिने विचारणंच सोडलं. फोन रोज येतो, खोटं कशाला बोलू? "जेवलीस?" "हो. तू?" "हो." की संपलं. बोलायला दोघींनी मिळून पाहिलेलं काहीतरी लागतं, ते आमच्याकडे उरलंच नव्हतं. पोरीची इतकी आठवण येते की चालतं मशीन थांबवून मी उगाच दाराकडे बघते.

"या टेलिस्कोपच्या पैशात त्या दुर्बिणी किती येतील?" मी विचारलं.

"दोन."

मग काय, ठरलं! एक मला, एक पार्सलने तिला. रात्री दोघींनी एकच तारा बघायचा.

पार्सल पोचलं आणि लेक फोनवर हसतच सुटली. "अगं आई, तुझी रात्र असते तेव्हा मी ऑफिसात असते. भरदिवसा तारे दाखवतेस होय मला?"

घ्या! सहा वर्षं फोनसाठी तास मोजणारी मी, आणि नेमकं हेच विसरले. "मग ठेव माळ्यावर!" म्हणून मी फोन आपटला. त्या दिवशी एक बाही वाकडी कापली गेली.

चार दिवसांनी तिचाच फोन. "आई, पौर्णिमेला पहाटे उठशील? तुझ्याकडे चंद्र मावळताना माझ्याकडे उगवत असतो. थोडा वेळ दोघींना दिसेल. मी गणित मांडून बघितलंय."

गणित शेवटी कामाला आलं म्हणायचं.

पौर्णिमेच्या पहाटे मी गच्चीच्या कठड्यावर कोपरं टेकवून उभी राहिले, म्हणजे हात हलत नाहीत. फोन स्पीकरवर. तिकडे नुसती धाप ऐकू येत होती. समोरची इमारत आड येते म्हणून ती नऊ मजले चढून छतावर निघाली होती.

"दिसला का?"

"नाही गं."

"नीट बघ! इथून उतरायला लागलाय."

"थांब... आला! आई, आला!"

मी म्हटलं, "तो पांढरा ठिपका बघ. काजाला टाके घालावेत तशा त्याच्याभोवती रेघा आहेत. माझ्या डावीकडे."

"माझ्या उजवीकडे. पण तोच."

जरा वेळाने ती म्हणाली, "आई, एक सांगायचं राहिलंय. इथे आल्यावर पहिल्या पगारातच मी टेलिस्कोप घेतला होता. खोकं अजून उघडलेलं नाही."

"का गं बये?"

"कुणाला म्हणणार, ये, बघ म्हणून?"

चंद्र दूरच्या छपरांआड गेला. तरी दुर्बीण खाली घ्यावीशी वाटेना.

"माझ्याकडून गेला गं," मी म्हटलं.

"माझ्याकडे आहे अजून."

"बघ तू. आणि ते खोकं उघडू नकोस," मी म्हटलं. "मी येतेय."