पापणी लवायच्या आत

हसू नका मित्रांनो! अडगळीत पडलेला हा धुळकट डबा म्हणजे मी, दवाखान्याचा चित्रं दाखवणारा जुना प्रोजेक्टर. कारखान्यात मला एक खास झडप बसवली होती. ती उघडायची आणि पापणी लवायच्या आत मिटायची. तेवढ्यात भिंतीवर मांजर दिसून गेलं, तरी माणूस फटकन म्हणायचा, "मांजर!" रंग विचारला तर सांगता यायचा नाही, पण मांजर म्हणजे मांजर. मेंदूची ही चपळाई मी हजारदा पाहिली. छाती मात्र माझीच फुगायची, जणू सगळी हुशारी माझी!

मग एक दिवस शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. मेंदूच्या आजारातून नुकत्याच उठल्या होत्या. नजर शाबूत होती, पण समोरची वस्तू कोणती, हेच नुसतं बघून कळेना. हातात घेतली की कळायची.

"आईला कात्रीसुद्धा ओळखू येत नाही. दुकान बंदच करावं लागणार," लेक डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

"मी इथेच बसलेय गं," मावशी फणकारल्या. "बहिरी नाही झाले!"

मी कात्री दाखवली. मावशींनी नुसती नकारार्थी मान हलवली. मग झडप उघडीच ठेवली.

"लांबट आहे काहीतरी... चमचा?" त्यांचे डोळे भरून आले. माझी सगळी मिजास तिथल्या तिथे उतरली.

"चमचा काय आई! ती..." लेक सांगणार, तोच डॉक्टरीणबाईंनी तिला थांबवलं.

"थांब. त्यांच्या हाताकडे बघ."

मावशींची बोटं मांडीवर कापड कापत होती! मावशींनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "अगंबाई, कात्री."

त्या दिवसापासून तीच रीत पडली. चित्र बघायचं, हाताला हलू द्यायचं, मग नाव घ्यायचं. एकेका चित्राला आधी मिनिटं लागायची, काही महिन्यांनी दोन-चार क्षण. किल्ली आणि पेन यांचा घोळ मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. पुढे नवे पडदे आले, नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी इथे झाली. रडू आलं हो, खोटं कशाला बोलू!

गेल्या आठवड्यात मावशी दवाखान्याच्या खिडक्यांना पडदे शिवायचे म्हणून मापं घ्यायला आल्या. दुकान चालू आहे त्यांचं! माझ्या अडगळीच्या खोलीचं दार उघडं होतं. त्या जाता जाता थबकल्या, हातातली टेप तशीच लोंबत राहिली.

"अय्या, हा तर आपला प्रोजेक्टर!"

इतकी धूळ असूनही बघताक्षणी ओळखलं मला! आता माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल, मित्रांनो. पण तुमच्यासमोर कुणी एखाद्या वस्तूच्या नावाशी अडलं, तर घाईने उत्तर देऊन मोकळे होऊ नका. जरा थांबा. त्याचं त्याला सापडू द्या.