स्वच्छ खोलीतलं काजळ

चिप बनवणाऱ्या त्या कारखान्यातली लाइनप्रमुख इतकी कडक, की तिच्या पाठीमागे सगळे तिला फौजदारीणच म्हणत. स्वच्छ खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा ती दिव्याखाली नीट बघे. पावडर नाही, काजळ नाही, अत्तराचं तर नावच काढू नका. सिलिकॉनच्या चकतीवर धुळीचा कण बसला, की सगळ्या मेहनतीवर पाणी. चिमणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ऑपरेटर मुलीला तिनं एकदा गालावरच्या पावडरीपायी चारचौघांत झापून घरी पाठवलं होतं.

चिपा देशातच बनवायच्या, या सरकारी धोरणातून कारखाना उभा राहिला होता. पहिल्या चकत्या निघणार त्या दिवशी मंत्री येणार, टीव्हीवाले येणार असं ठरलं, आणि फौजदारिणीच्या आईनं सगळ्या शेजाराला टीव्हीसमोर बसायचं आमंत्रण देऊन टाकलं.

"अगं, त्या पांढऱ्या झग्यात तुला ओळखायचं तरी कसं?" आईनं विचारलं.

"डोळ्यांवरून ओळख."

आणि त्या सकाळी आरशासमोर तिनं काजळाची बारीक रेघ ओढली. एवढ्याशानं काय होतंय? हेच वाक्य दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून तिनं किती जणांची खरडपट्टी काढली होती! पण फौजदारिणीला तपासणार कोण?

कॅमेऱ्यासाठी ती चकत्यांवर वाकली. प्रखर दिव्यांनी डोळ्यांत पाणी आलं, तशी तिनं पापण्या दोनदा मिटल्या. संध्याकाळी चकत्या नापास झाल्या. तपासणीत प्रसाधनाचे कण सापडले आणि कारखान्याच्या साहेबांसकट सगळ्यांच्या माना चिमणीकडे वळल्या.

"आईशप्पथ साहेब, मी काहीसुद्धा लावलं नव्हतं," चिमणी हुंदके देत म्हणाली.

साहेबांनी फौजदारिणीला विचारलं, "तुम्ही तपासलं होतंत ना हिला?"

तपासलं होतं. चेहरा लख्ख होता. पण तोंडातून निघालं, "गडबडीत... नीट आठवत नाही."

चिमणीची नोकरी गेली. फौजदारिणीला स्वतःची किळस आली. तरी दुसऱ्या दिवशी ती वेळेवर कामावर आली, डबाही खाल्ला. लाज वाटते म्हणून भूक थोडीच मरते?

पुढच्या आठवड्यात फाटकावर भलीमोठी सरकारी जाहिरात लागली. 'आपली चिप, आपल्याच हातांनी.' वर तिचेच डोळे, काजळासकट. त्याच सकाळी चिमणी ओळखपत्र परत द्यायला आली. तिला जाहिरातीखाली उभी बघून फौजदारिणीला राहवेना.

"चिमणे, ते काजळ माझं होतं. चल, आत्ताच साहेबांना सांगते."

"ठाऊक आहे, मॅडम. मी रडत होते ना, तेव्हा तुमच्याकडेच बघत होते. डोळ्यांच्या कडा अजून काळ्या होत्या."

"मग बोलली का नाहीस?"

चिमणीनं ओळखपत्र तिच्या हातात ठेवलं.

"वाटलं, तुम्हीच बोलाल. तुम्ही कुणालाच सोडत नाही ना."